दहा नंबरची सुई

३ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला कारण एकच. तुझी बोट मला चालवायची आहे आणि ती माझं ऐकत नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू न ऐकताच हो म्हणतोस. मला लेखी उत्तर पाहिजे.

नऊ वर्षं जिला मी खेळणं म्हटलं तीच, तू गाव सोडताना माझ्याकडे ठेवलेली बोट मी माळ्यावरून उतरवली, म्हणून तू आता पोट धरून हसणार. हसून घे आणि मग पुढे वाच.

परवा तलावाच्या कचेरीतली माणसं आली आणि आपल्या नावाड्याच्या नावेवर लाल फुली मारून गेली. तळाच्या फळ्या कुजल्या आहेत, पाण्यात उतरवायची नाही असा हुकूम आहे. नवी नाव पुढच्या वर्षी मिळेल म्हणतात. नावाडी बिचारा फुली मारलेल्या नावेशेजारी दिवसभर बसून असतो. तलावावर दुसरी नाव नाही आणि पोहत जायचं माझं वय राहिलेलं नाही.

माझी नोंदवही तुला माहीत आहे. महिन्याच्या अखेरच्या दिवशी तलावाच्या मध्यावर जायचं, एक मीटर खोलीवरचं पाणी घ्यायचं आणि त्यातल्या अमोनियाचा आकडा लिहायचा. कॉलेजात शिकवत होते तेव्हा सुरू केलं, निवृत्तीनंतरही सोडलं नाही. सव्वीस वर्षांत तीनशे अकरा नोंदी झाल्या, एकही महिना चुकलेला नाही. येत्या ३१ तारखेला तीनशे बारावी व्हायला हवी. वीस नोव्हेंबरला तलावात सोडलेल्या गटाराची सुनावणी आहे आणि माझी वही हाच मुख्य पुरावा आहे. सगळं गाव ते पाणी पितं. एक महिना जरी गाळला, तरी समोरचे वकील म्हणतील की बाईंना वाटेल तेव्हा त्या नोंद करतात. काठावरचं पाणी चालणार नाही. मध्यावरचंच पाहिजे. बोट बाटली घेऊन जाईल एवढी दणकट आहे असं मला दिसतं.

आता झालं काय ते सांगते. बॅटरी फुगली होती, म्हणून तशीच नवी आणली. जेवणाच्या टेबलावर बोट ठेवून रिमोट चालू केला, मग बोटीचं बटण दाबलं. मी रिमोटच्या ट्रिगरला बोटही लावलं नव्हतं, तरी मागचा पंखा आपला आपण फिरायला लागला. त्याने टेबलक्लॉथ गुंडाळायला घेतलं, टेबलक्लॉथने बरणी ओढली आणि चमचे खाली आले. मी बॅटरीची वायर उपटली तेव्हा कुठे थांबला. मोटर आणि बॅटरी यांच्यामधली ती काळी डबी, जिला तू कंट्रोलर म्हणतोस, तीच बिघडली आहे असा माझा संशय आहे. काय करायचं ते ओळीने लिही. पाल्हाळ नको.

सूनबाईला आशीर्वाद. तुझी माया आहे तेवढी पुरे आहे, वाढवू नकोस. उत्तर मात्र लवकर पाठव.

तुझी,
ताई

*

७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सूनबाईने दारात दिलं आणि मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं. मग ओरडलो. सून धावत आली, तिला वाटलं मी पडलो. तिला म्हटलं, पडलो नाही, उडालो आहे. ताईने बोट उतरवली! दोनदा वाचून दाखवलं तरी तिला त्यात ओरडण्यासारखं काही सापडलं नाही. तिची चूक नाही, ती तुला फक्त सहा वर्षं ओळखते.

कंट्रोलर बिघडलेला नाही. मला एकच सांग, रिमोटवरच्या दोन चकत्या तू सरळ केल्यास ना? एक वेगाची, एक सुकाणूची. मी ठेवल्या तेव्हा दोन्ही तिरक्या होत्या. तुझ्या घरात तिरकी वस्तू आठवडाभर टिकत नाही. भिंतीवरचा माझा फोटोसुद्धा तू येता-जाता सरळ करतेस, खरं तर त्यात मीच वाकडा उभा आहे.

ऐक. कंट्रोलरला स्वतःचं डोकं नसतं. थांबायचं म्हणजे ट्रिगर कुठे, पूर्ण वेग म्हणजे कुठे, मागे म्हणजे कुठे, हे त्याला एकदा शिकवावं लागतं आणि मग तो ते जन्मभर विसरत नाही. मी त्याला थांबणं शिकवलं तेव्हा वेगाची चकती तिरकी होती. तू ती सरळ केलीस. त्याला वाटलं बाईंनी चालायला सांगितलं. चालला बिचारा.

आता नव्याने शिकव. आधी पंखा काढून ठेव, चमचे वाचतील. वेगाची चकती मधोमध ठेव, तुला हवी तशी सरळ. रिमोट चालू कर. मग कंट्रोलरचं छोटं बटण दाबून धरून बोट चालू कर आणि दिवा लुकलुकला की बटण सोड. ट्रिगरला हात न लावता बटण एकदा दाब, मोटर एक शिटी देईल, म्हणजे थांबणं कळलं. ट्रिगर पूर्ण ओढून धर, बटण दाब, दोन शिट्या. ट्रिगर पूर्ण पुढे ढकलून धर, बटण दाब, तीन शिट्या. झाली शाळा! बंद करून परत चालू कर. शिटी मोटरच वाजवते बरं का, दचकू नकोस. मला त्या कधी ऐकू आल्या नाहीत, मी मोटरवर बोट टेकवून मोजायचो.

एक नियम जन्मभराचा. चालू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना आधी बोट, मग रिमोट. उलटं केलंस तर बोट कोणाचंही ऐकेल.

आणि मागे जाण्याची सोय चालूच ठेव. कंट्रोलरच्या पुस्तिकेत लिहिलं असेल की बोटीला ती बंद ठेवावी. तिकडे लक्ष देऊ नकोस.

मला रोज पत्र आलं तरी चालेल. उजवा हात हल्ली कपातला चहा परस्पर बशीत ओततो, म्हणून अक्षर असं आहे. वाचायला त्रास झाला तर ओरड, इतक्या लांबून मला ऐकू येणार नाही.

तुझ्या रागावर पोसलेला,
खटपट्या

*

११ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

चकत्या मी सरळ केल्या होत्या. त्यावर अधिक चर्चा नको.

एक, दोन, तीन! अगदी तू लिहिलंस तशा शिट्या झाल्या. पहिल्या शिटीला मी खुर्चीवरून उठले, हे कबूल करते. एवढ्याशा मोटरने एवढ्या नीट वाजावं याची अपेक्षा नव्हती. एकदा बरोबर आलं तर तो योगायोग असू शकतो, म्हणून सगळं चार वेळा केलं आणि चारही वेळा तेच आलं. मग बोट मागच्या अंगणातल्या हौदात सोडली. ट्रिगर नखभर ओढला की नखभर पळते, सोडला की थांबते. ढकलला की आधी क्षणभर विचार करते आणि मग मागे येते. तो क्षणभराचा विचार मला फार आवडला. माणसांनीही करावा.

शेजारीण कपडे वाळत घालायला आली होती. तिने विचारलं की नातवंडांसाठी आणली का. मी सांगितलं, नाही, माझी आहे. ती कपडे तसेच टाकून हौदाशी बघायला आली.

आता दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं सरळ पाहिजेत.

पुस्तिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात ठळक लिहिलं आहे की बोटीला मागे जाण्याची सोय सहसा लागत नाही, वेगात असताना चुकून वापरली तर कंट्रोलरवर ताण येतो. तुझा मात्र आग्रह आहे. कशासाठी?

दुसरं, बोट पुसताना दोन गोष्टी दिसल्या. नाकाखाली एक आकडी आहे. शेपटाकडे एक सळई बाजूला काढलेली आहे, तिच्यावर बोटीचाच हिरवा रंग आहे. सळई मी चाकूने थोडी खरवडली. खालून राखाडी निघाली आणि टोकाच्या गोल बुंध्यावर दहाचा आकडा निघाला. ही माझी विणकामाची सुई आहे. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात जोडीतली एक हरवली होती. दुसरी मी नऊ वर्षं डब्यात सांभाळून ठेवली आहे. माझी सुई तुझ्या बोटीला काय म्हणून चिकटली आहे?

रविवारी बोट तलावावर नेणार आहे. नावाड्याला सोबत बोलावलं. मी काय आता खेळण्यांवर बसू का, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बसू नकोस, नुसता उभा राहा. येईल.

तब्येत सांभाळ आणि दोन्ही उत्तरं पाठव. ती येईपर्यंत माया रोखून धरली आहे.

तुझी,
ताई

*

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चारही वेळा! सूनबाईला म्हटलं, पाहा, मला पहिल्यांदा जमायला दोन दिवस लागले होते. ती म्हणाली की त्यांना शिकवायला तुम्ही होतात, तुम्हाला कोणी नव्हतं. बोलते आता ती.

सुईचं काय, काहीतरी अँटेना वगैरे म्हणून लावली असेन. नऊ वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं?

बाटलीचं मात्र मी रात्रंदिवस डोक्यात घोळवतो आहे. असं कर. बाटलीला खाली शिशाचं वजन बांध आणि ती नाकाखालच्या आकडीला लटकव. दोरी एक मीटर आणि वर चार बोटं, कारण चालताना बाटली मागे कलते आणि तेवढी वर उचलली जाते. बुचाला वेगळी बारीक दोरी बांध आणि तिचं टोक त्या सुईला, म्हणजे सळईला. ती बाजूला काढलेली असल्याने दोरी पंख्यात जात नाही. बोट पुढे जाते तोवर बाटली शेपटाकडे कललेली राहते आणि बुचाची दोरी सैल पडते. मध्यावर थांबून बोट मागे घेतलीस की बाटली नाकाकडे झुकते, दोरी ताणते आणि बूच निघतं. बूच फार घट्ट बसवू नकोस, अंगठ्याने एकदा दाबायचं आणि अर्धा वेढा फिरवायचा.

म्हणून मागे जायला हवं. पहिला प्रश्न सुटला.

आणखी एक, बोट चालताना उजव्या बाजूच्या भोकातून शू करते ना? केलीच पाहिजे. नाही केली तर लगेच परत आण.

रविवारी मी इथल्या गच्चीवर जाऊन वारा कुठून आहे ते पाहत बसेन. तुमच्याकडचा वारा इथे दिसत नाही हे मला कळतं, पण मन ऐकत नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
खटपट्या

*

१८ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं आणि बोट परवा बंद पडली. पत्र एक दिवस आधी यायला हवं होतं.

सुरुवात फार सुंदर झाली. बाटली लावली नव्हती, नुसती बोट सोडली. ती अशी निघाली की पाण्यावर पांढरी रेघ उमटली आणि नावाड्याने बसल्या जागेवरून मान वर केली. जरा डावीकडे ओढत होती, पण मी सुकाणूने सांभाळलं. मध्यावर पिवळं पिंप तरंगतं ना, तिथपर्यंत गेली. मी मोठ्याने काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते लिहीत नाही. आणि तिथेच ती थांबली. ट्रिगर ओढला, ढकलला, काही नाही. पाच मिनिटांनी परत ट्रिगर ओढल्यावर हातभर सरकली आणि परत मेली.

आम्ही तीन तास काठावर बसलो. वाऱ्याने ती पलीकडच्या लव्हाळ्यात नेऊन घातली आणि नावाड्याने गुडघाभर पाण्यात जाऊन काढली. कंट्रोलरला बोट लावलं तर अजूनही कोमट होता.

शू या शब्दाबद्दल तुला बोलणार होते, पण आता बोलायला तोंड राहिलेलं नाही. बोट माळ्यावर ठेवताना मी ती साफ केली होती. तेव्हा एक रबरी नळी आत लोंबताना दिसली. एक टोक तळाला, एक बाजूच्या भोकाला, मधला भाग कंट्रोलरमधून. ती कुठे वीज नेत नव्हती की काही बांधत नव्हती, म्हणून मी ती काढली, गुंडाळली आणि पाकिटात घातली. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, निरुपयोगी नळी. पाकीट जपून ठेवलं आहे हीच जमेची बाजू. पाण्याने कंट्रोलर गार राहतो हे काल तुझं पत्र वाचून उमगलं. शाळेतल्या पोरालाही उमगलं असतं. चूक माझी आहे.

आता तुझ्याबद्दल. एक मीटर आणि वर चार बोटं, बूच अर्धा वेढा. खटपट्या, हे डोक्यात घोळवून येणारे आकडे नाहीत, करून पाहिलेल्या माणसाचे आहेत. म्हणून तीन तास बसल्या बसल्या मी नावाड्याला विचारलं की माझ्या ऑपरेशनच्या महिन्यात त्याने पाणी आणलं तेव्हा माझा भाऊ तलावावर आला होता का. तो म्हणाला, बाई, त्या महिन्यात मी इथे नव्हतोच. त्याची आई गेली होती, तो पंधरा दिवस गावाला होता आणि नावेच्या साखळीची किल्ली त्याच्याच कमरेला होती. त्यानंतर मी त्याला मफलर विणून दिला होता, महिना चुकवला नाही म्हणून. मफलर कशाबद्दल ते त्याला आजवर कळलं नव्हतं. थंडी होती, म्हणून त्याने घेतला.

त्या महिन्याचा आकडा माझ्या वहीत आहे. दोनशे चारावी नोंद. मी आजवर ती नावाड्याने आणलेल्या पाण्याची समजत आले. वीस तारखेला मला ती वही हातात धरून उभं राहायचं आहे. ते पाणी कुठलं होतं? कुणाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं लिही. काठावरचं असेल तर तसं लिही, मी ती नोंद स्वतः खोडेन.

उत्तराची वाट पाहते.

ताई

*

२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मध्यावरचं होतं. एक मीटर खोलीवरचं. त्याच बोटीने आणलेलं. प्रयोगशाळेतले तुझे सहायक माझ्याशेजारी काठावर उभे होते, बाटली त्यांनी स्वतः आकडीवरून सोडवली आणि त्यांनीच तपासली. त्यांना विचार. आता बाकीचं सांगतो.

तुला आठवतं का, दवाखान्यात तू मला दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. महिना चुकू देऊ नकोस, नावाडी आणील. आणि तुझी कसलीही खटपट माझ्या वहीत नको. मी दोन्हींना हो म्हटलं. तेव्हा मला नीट ऐकू येत होतं, म्हणजे ते खरं हो होतं.

तलावावर गेलो तर नाव साखळीला आणि नावाडी गावाला. हातात अकरा दिवस होते. तिथल्या माझ्या तेव्हाच्या दुरुस्तीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची मोडकी बोट दोन वर्षं पडून होती, तो न्यायलाच आला नव्हता. पंखे आणि मिक्सर सोडून मी तिच्यामागे लागलो. कंट्रोलर नवा घातला. दोन दिवस त्याला शिकवलं. पहिल्यांदा बुचाची दोरी पुढे बांधली, तर निघाल्याबरोबर बूच निघायचं आणि काठावरचंच पाणी भरायचं. सहायक म्हणाले, हे चालणार नाही, बाईंना कळेल. तू दवाखान्यात होतीस तरी आम्ही दोघं तुला भ्यायचो. तेव्हा सुचलं की दोरी उलटी बांधायची आणि बोट मागे घ्यायची. बाजूला काढायला हलकी, न गंजणारी, सरळ सळई हवी होती. तुझ्या विणकामाच्या पिशवीत हात घातला. अशी सरळ वस्तू त्या घराखेरीज कुठे मिळणार?

चौदाव्या खेपेला बूच मध्यावर निघालं. ताई, मी त्या काठावर नाचलो. सहायकही नाचले, पण ते तुला सांगणार नाहीत.

तू घरी आलीस, वही उघडलीस, आणि म्हणालीस की नावाड्याने शब्द पाळला. तो शब्द मी पाळला होता हे सांगायचं, तर दुसरा मोडला हेही सांगावं लागलं असतं. उद्या सांगू म्हटलं. मग तू बोटीला खेळणं म्हणायला लागलीस, आणि खरं सांगू, मला मजा वाटायला लागली. मफलरचं मात्र मला माहीत नव्हतं. तो माझा होता!

लपवलं ही माझी चूक. पाणी मात्र खरं आहे.

आता काम. नळीचं एक टोक पंख्यामागे तळाला असलेल्या बारीक तांब्याच्या नळकांडीला, मग कंट्रोलरमधून, मग बाजूच्या भोकाला. धार दिसली पाहिजे. या शब्दाला तुझी हरकत नसावी. पंख्याच्या फिरण्यामुळे बोट डावीकडे ओढते, म्हणून सुकाणूची चकती दोन खुणा उजवीकडे ठेव. मला माहीत आहे, ती तिरकी दिसेल. ती तिरकी ठेवलीस तरच बोट सरळ जाते.

आणि ट्रिगर तू हातात धरू नकोस. तू खडूने फळ्यावर रेघ मारतेस तसा तो ओढशील. नावाड्याला दे. पाण्याला कसं हळू वळवायचं ते त्याच्या हातात आहे.

रागावली असशील तर रागाव, पण पत्र टाकणं थांबवू नकोस.

तुझा,
खटपट्या

*

३१ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

दुपारचे दोन वाजले आहेत, टपाल चुकू नये म्हणून घाईघाईने लिहिते आहे. आज आपलं दोघांचं अक्षर सारखं येईल.

तुझं पत्र २५ ला मिळालं. त्याच दिवशी सहायकांकडे गेले. त्यांनी जुनी रोजनिशी काढून तारीख, वेळ आणि खोली दाखवली. नाचल्याचं विचारलं, तर ते चष्मा पुसायला लागले. २६ ला मी तलावाच्या अभियंत्यांना लेखी कळवलं की दोनशे चारावी नोंद दूरवरून चालवलेल्या बोटीने घेतलेली आहे आणि हे मला नऊ वर्षांनी समजलं. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पण मग ती वही माझी राहिली नसती.

अभियंत्यांनी उलट लिहिलं की असली बोट मीटरभर खालचं पाणी आणते यावर त्यांचा विश्वास नाही. ३१ ला ते स्वतः बघायला येणार. बोटीने आणून दाखवलं तर जुनी नोंद आणि नवी नोंद, दोन्ही ग्राह्य. नाही तर दोन्ही बाद. म्हणजे सव्वीस वर्षं एका बुचावर आली.

सकाळी आठला आम्ही काठावर होतो. नळी जागेवर. बाटली, शिसं, दोरी मी स्वतः मोजली, एक मीटर आणि चार बोटं. बुचाला नावाड्याने लांबून दिसावं म्हणून लाल रंग दिला होता. त्याला चार दिवस हौदावर मी शिकवत होते, म्हणजे पहिल्या दिवशी शिकवलं आणि उरलेले तीन दिवस बघत बसले. तू म्हणालास ते खरं निघालं. त्याच्या हातात ट्रिगर आहे हे ट्रिगरला कळत नाही इतका हात हलका. अभियंत्यांनी त्याला विचारलं, हे जमेल का. तो म्हणाला, साहेब, तुम्ही फुली मारलीत ती नावेवर, माझ्यावर नाही. मी मान दुसरीकडे वळवली, नाही तर हसले असते.

आधी रिमोट, मग बोट. मी मोठ्याने म्हटलं आणि त्याने तसं केलं. बोट निघाली. बाजूने धार! अभियंत्यांना वाटलं गळती आहे. मी सांगितलं, ती शू करते. तोंडातून गेलंच.

पिंपाजवळ थांबवली. दुर्बीण अभियंत्यांच्या डोळ्याला. नावाड्याने ट्रिगर पुढे ढकलला, बोटीने तो क्षणभर विचार केला आणि जराशी मागे सरकली. काही नाही. लाल काही दिसेना. अभियंत्यांनी दुर्बीण खाली घेतली. नावाडी म्हणाला, थांबा, वारा शेपटाकडून आहे, तो बोटीला मागे येऊ देत नाही. त्याने बोट फिरवली, नाक वाऱ्याकडे केलं, आणि मग इतकं हळू मागे घेतलं की मला वाटलं थांबलीच आहे. आणि लाल ठिपका वर आला! बुडबुड्यांसकट! खटपट्या, मी टाळ्या वाजवल्या. काठावर उभं राहून, दोन्ही हातांनी, वर्गातल्या पोरीसारख्या.

बोट नाक खाली घालून हळूहळू परत आली. बाटली काठोकाठ भरलेली. अभियंत्यांनी स्वतः दोरी मोजली. उघडी बाटली वर येताना दुसरं पाणी मिसळत नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, भरलेल्या अरुंद तोंडाच्या बाटलीत सहज शिरत नाही, आणि सव्वीस वर्षं नावेतूनही ती तशीच उघडी वर यायची. मग त्यांनी बाटलीवर सही केली. आकडा मागच्या महिन्यापेक्षा वाढलेला आहे, सुनावणीला तोच पाहिजे होता. तीनशे बारावी नोंद झाली. दोनशे चाराव्या नोंदीपुढे शेरा लिहिला आहे, नमुना बोटीने, आणणारा धाकटा भाऊ. अक्षर सरळ काढलं आहे.

तुझ्यावर मी रागावले होते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत. मग नाही.

तुझा मफलर नऊ नंबरच्या सुयांवर विणायला घेतला आहे. त्या जरा जाड, म्हणून थोडा सैल होईल. दहा नंबरच्या का नाही ते खाली कळेल. यापुढे दर महिन्याचं पाणी नावाडीच आणणार आहे, कचेरीने तसं लेखी दिलं. वीस तारखेला सुनावणीला तू यावंस. ऐकू येणार नाही तरी शेजारी बस. माया वाढवायला माझी हरकत नाही.

तुझी,
ताई

नावाड्याच्या हाती आज सोपवलेल्या वस्तूंची नोंद, तुझ्या माहितीसाठी:

हिरवी बोट, एक. कंट्रोलर बोटीतच, मागे जाण्याची सोय चालू.
रिमोट, एक. सुकाणूची चकती दोन खुणा उजवीकडे, तिरकी. कोणीही सरळ करू नये, मीसुद्धा.
बॅटरी, एक, आणि तिचा चार्जर.
रबरी नळी, जागेवर बसवलेली. पाकीट फाडून टाकलं.
बाटल्या दोन, शिसं, दोरी एक मीटर चार बोटं, लाल बूच.
विणकामाच्या सुया, दहा नंबर, दोन. एक बोटीला लावलेली. दुसरी जादा, नऊ वर्षं डब्यात सांभाळलेली.